पडद्याचे चित्र

संगणकाच्या कळफलकावर उजव्या अंगाला, अगदी वरच्या ओळीत, एक कळ असते. तिच्यावर इंग्रजीत 'प्रिंट स्क्रीन' हे शब्द, किंवा त्या शब्दांचे आखूड रूप, छापलेले असते. 'प्रिंट' म्हणजे छापणे आणि 'स्क्रीन' म्हणजे पडदा. तेव्हा ही कळ दाबताच समोरचा पडदा कागदावर छापून निघेल, असे कोणालाही वाटावे. परंतु शाळेतील जुन्या संगणकावर एखादा नवखा विद्यार्थी मोठ्या उत्सुकतेने ती दाबतो, तेव्हा काहीच घडत नाही. कागद बाहेर येत नाही, आवाज होत नाही, पडदाही जसाच्या तसा राहतो. विद्यार्थी ती कळ दोनदा, तीनदा दाबून पाहतो आणि 'कळ बिघडली आहे' असा निर्णय देऊन मोकळा होतो.

वास्तविक कळ बिघडलेली नसते. तिने आपले काम चोख बजावलेले असते. मात्र ते काम आता तिच्या नावाप्रमाणे राहिलेले नाही. नाव जुने राहावे आणि काम बदलावे, असे भाषेत पुष्कळदा घडते. 'शाई' हा शब्द फारसीतील 'स्याही', म्हणजे काळेपणा, या शब्दावरून आला. तरी आपण 'तांबडी शाई' असे बिनदिक्कत म्हणतोच. या कळीचीही कथा काहीशी तशीच आहे.

पडद्यावर दिसणारी गोष्ट क्षणभंगुर असते. दुसरे पान उघडले, की पहिले नाहीसे होते. ज्या काळी संगणक खोलीएवढे मोठे होते, त्या काळी पडद्यावरची आकृती टिकवून ठेवायची झाली तर पडद्यासमोर कॅमेरा धरून तिचे छायाचित्र घेत. प्रयोगशाळांतून विजेच्या लहरी दाखवणारे ऑसिलोस्कोप नावाचे यंत्र असते. त्याच्या पडद्यावर बसवता येतील असे खास कॅमेरेही त्या काळी मिळत असत.

पुढे १२ ऑगस्ट १९८१ रोजी अमेरिकेतील आयबीएम या कंपनीने टेबलावर मावेल असा आपला 'पर्सनल कॉम्प्युटर' लोकांपुढे आणला. त्याच्या कळफलकावर ८३ कळा होत्या. पडदा छापण्याच्या कामाला त्यांत स्वतंत्र कळ नव्हती. तारकेचे चिन्ह ज्या कळीवर होते, तिच्यावरच हे काम सोपवलेले होते. शिफ्ट कळ दाबून धरून ती कळ दाबली, की पडद्यावरची अक्षरे थेट छपाईयंत्राकडे रवाना होत आणि ते यंत्र करकर आवाज करीत ती कागदावर उमटवी. त्या पडद्यावर एका ओळीत ८० अक्षरे आणि अशा २५ ओळी मावत. म्हणजे एका पडद्याचा सारा ऐवज फार तर २,००० अक्षरांचा! तेव्हा 'प्रिंट स्क्रीन' हे नाव अक्षरशः खरे होते. त्याच दशकात १०१ कळांचा मोठा कळफलक आला आणि त्यावर या कळीला स्वतःची हक्काची जागा मिळाली.

अॅपल कंपनीचा मॅकिन्टॉश संगणक २४ जानेवारी १९८४ रोजी आला. त्याने निराळा मार्ग धरला. कमांड आणि शिफ्ट या दोन कळा धरून ३ हा अंक दाबला, की पडद्याचे चित्र छपाईयंत्राकडे न जाता चकतीवर जतन होई. हे चित्र काळ्यापांढऱ्या ठिपक्यांचे असे. पडद्यावर आडवे ५१२ आणि उभे ३४२, म्हणजे एकूण १,७५,१०४ ठिपके होते. येथे एखादा चौकस विद्यार्थी विचारील, की आरंभ ३ या अंकापासून का? १ आणि २ कोठे गेले? ते आधीच कामाला लागलेले होते. त्याच दोन कळांबरोबर १ किंवा २ दाबला, की यंत्रातील चकती बाहेर येत असे. पुढे त्या चकत्या गेल्या आणि १ व २ यांचे ते कामही गेले; परंतु ३ हा अंक आपल्या जागी टिकून आहे. आजही मॅक संगणकावर कमांड, शिफ्ट आणि ३ यांनी संपूर्ण पडद्याचे चित्र निघते. ३ ऐवजी ४ दाबला, तर हवा तेवढाच भाग निवडता येतो. २०१८ पासून ५ या अंकाने या कामाची सारी साधने एका पट्टीत समोर येतात.

आता विंडोज प्रणालीकडे वळू. कारण आपल्याकडील बहुतेक शाळांत, कचेऱ्यांत आणि महा-ई-सेवा केंद्रांत तीच दिसते. येथे प्रिंट स्क्रीन कळ दाबली, की पडद्याचे चित्र संगणकाच्या स्मृतीतील एका तात्पुरत्या जागी जाऊन बसते. त्या जागेला 'क्लिपबोर्ड' म्हणतात. मजकूर एका ठिकाणाहून उचलून दुसरीकडे चिकटवण्याची जी सोय आज सर्वांच्या परिचयाची आहे, ती लॅरी टेस्लर आणि त्यांचे सहकारी यांनी कॅलिफोर्नियातील झेरॉक्स कंपनीच्या संशोधनकेंद्रात १९७० च्या दशकात घडवली. क्लिपबोर्ड हे त्याच सोयीचे अंग होय. नवख्या विद्यार्थ्याला काहीच घडले नाही असे वाटते, ते यामुळे. चित्र निघालेले असते. ते केवळ चिकटवले जाण्याची वाट पाहत असते. चित्रे काढण्याचा पेंट हा कार्यक्रम, किंवा एखादे पत्र उघडून, कंट्रोल कळ धरून व्ही दाबावा, म्हणजे चित्र डोळ्यांसमोर प्रकट होते.

क्लिपबोर्डाचा स्वभाव मात्र ओळखून असावे. तो बाजारातील हमालासारखा आहे. डोक्यावर एका वेळी एकच ओझे घेतो. दुसरे दिले, की पहिले खाली टाकतो. चित्र घेतल्यावर मध्येच दुसरा कोणताही मजकूर उचलला, तर चित्र गेले. वीज गेली, तरीही गेले. २०१८ पासून विंडोजमध्ये मागील काही ओझी लक्षात ठेवण्याची सोय झाली आहे. परंतु ती आधी सुरू करून ठेवावी लागते. ज्याला ही जोखीम नको असेल त्याने चार चौकटींचे चिन्ह असलेली विंडोज कळ धरून प्रिंट स्क्रीन दाबावी. २०१२ साली आलेल्या विंडोज ८ पासून ही सोय आहे. पडदा क्षणभर अंधुक होतो आणि चित्र 'पिक्चर्स' या कप्प्यातील 'स्क्रीनशॉट्स' या पोटकप्प्यात आपोआप जतन होते.

एकाच वेळी दोन-तीन कळा दाबायच्या, हे ऐकून काही विद्यार्थी गोंधळतात आणि सर्व बोटे एकदम आपटतात. तसे करण्याचे कारण नाही. शिफ्ट, कंट्रोल आणि ऑल्ट या कळा म्हणजे आपल्या लिपीतील काना, मात्रा आणि वेलांटी होत. नुसत्या मात्रेला उच्चार नसतो. परंतु ती अक्षराला जोडली, की 'क' चा 'के' होतो. त्याप्रमाणे या कळा एकट्या दाबल्या तर सहसा काही करीत नाहीत. त्या मुख्य कळीचा अर्थ बदलतात. म्हणून त्या आधी दाबून धराव्यात आणि मग मुख्य कळ एकदाच, हलकेच दाबून सोडावी. ऑल्ट धरून प्रिंट स्क्रीन दाबली, तर ज्या खिडकीत काम चालू आहे तेवढीच उचलली जाते. बाकीचा पडदा वगळला जातो. विंडोज आणि शिफ्ट धरून एस दाबला, तर पडदा मंद होतो आणि माउसने चौकट आखून नेमका तेवढाच तुकडा घेता येतो. विंडोज ११ च्या अलीकडील आवृत्त्यांत नुसती प्रिंट स्क्रीन कळ दाबली तरी हीच कापणीची सोय उघडते. मांडीवरच्या लहान संगणकावर जागेच्या अडचणीमुळे ही कळ दुसऱ्या एखाद्या कळीच्या पोटात दडलेली असते. तेथे एफएन नावाची आणखी एक कळ सोबत धरावी लागते.

एवढ्या कळा पाठ करण्यापेक्षा माउसने यादी उघडून काम का करू नये, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. पुष्कळदा ते चालतेही. परंतु पडद्यावरील काही गोष्टी लाजाळूच्या पानांसारख्या असतात. उघडलेली यादी, क्षणभर झळकणारी सूचना, माउस नेताच दिसणारी छोटी चौकट यांचे चित्र घ्यावे म्हणून दुसरीकडे टिचकी मारावी, तो त्या मिटून जातात. कळ दाबल्याने पडद्याला धक्का लागत नाही. या कळांचे खरे महत्त्व येथे आहे.

समजा, एक विद्यार्थिनी गावातील केंद्रात बसून शिष्यवृत्तीचा अर्ज भरीत आहे. अर्जाची शेवटची तारीख आजचीच आहे. तिने सर्व माहिती भरली, शुल्क भरले आणि पडद्यावर 'अर्ज स्वीकारला' अशी अक्षरे व त्याखाली एक लांबलचक क्रमांक उमटला. केंद्रातील छपाईयंत्र बंद आहे. बाहेर ढग दाटले आहेत आणि वीज केव्हाही जाईल. क्रमांक वहीत उतरवून घ्यावा, तर घाईत एखादा अंक चुकण्याचे भय. अशा वेळी विंडोज आणि प्रिंट स्क्रीन या दोन कळा तिच्या बोटांना ठाऊक असतील, तर एका क्षणात सारा पडदा, क्रमांक, शुल्काची रक्कम आणि उजव्या कोपऱ्यातील घड्याळातील वेळ व तारीख यांसह, चकतीवर जतन होतो. येथे कापलेल्या तुकड्यापेक्षा संपूर्ण पडदाच अधिक उपयोगी, कारण तारीख आणि पानाचा पत्ता त्यातच येतो. मग वीज गेली तरी चिंता नाही. मात्र केंद्राचा संगणक परका. म्हणून वीज येताच ते चित्र तिने स्वतःच्या ईमेलवर पाठवून घ्यावे आणि तेथील प्रत पुसून टाकावी, हे बरे.

पडद्याचे चित्र आणि पडद्यासमोर मोबाइल धरून काढलेले छायाचित्र, यांत मोठे अंतर आहे. छायाचित्रात खोलीतील दिव्याची तिरीप येते, हात हलतो आणि पडद्यावर नसलेले नागमोडी पट्टे उमटतात. कळीने घेतलेले चित्र असे बाहेरून टिपलेले नसतेच. पडद्यावरील प्रत्येक ठिपक्याला कोणता रंग द्यावयाचा याचा हिशेब संगणकाजवळ असतो. त्या हिशेबाचीच ती नक्कल असते. आज सामान्यतः दिसणाऱ्या पडद्यावर आडवे १,९२० आणि उभे १,०८० ठिपके असतात, म्हणजे एकूण २०,७३,६०० ठिपक्यांचा हिशेब! एक मौज सांगण्यासारखी आहे. माउसचा बाण त्या चित्रात बहुधा येत नाही, कारण तो वरून निराळा रेखाटलेला असतो. चित्र कोणत्या प्रकारे जतन करावे, यासही महत्त्व आहे. जेपीईजी हा प्रकार निसर्गदृश्यांना उत्तम; परंतु तो जागा वाचवण्यासाठी बारीकसारीक तपशील सोडून देतो आणि अक्षरांच्या कडांभोवती धुरकटपणा येतो. १९९६ साली सिद्ध झालेला पीएनजी हा प्रकार एकही ठिपका गमावीत नाही. म्हणून मजकुराच्या चित्राला तोच योग्य.

मराठी वाचकाला या चित्रांनी एके काळी मोठाच आधार दिला. देवनागरीचा समावेश युनिकोड या जागतिक अक्षरसंकेतात १९९१ पासून आहे. तथापि तो सर्वत्र रूढ होण्यास बरीच वर्षे लागली. तोवर ज्याचा त्याचा टंक निराळा. पुण्यात लिहिलेले मराठी पत्र नागपूरच्या संगणकावर उघडले, आणि तेथे तो टंक नसला, तर मजकुराच्या जागी निरर्थक चिन्हांची रांग दिसे. पडद्याचे चित्र पाठवले, तर मात्र अक्षर जसेच्या तसे पोचे. कारण चित्राला टंकाची गरज नसते. परंतु त्याची किंमतही मोजावी लागे. अक्षराचे चित्र म्हणजे अक्षर नव्हे. त्यातील शब्द शोधता येत नाही, शुद्धलेखन सुधारता येत नाही. आता चित्रातील अक्षरे ओळखणारी साधने निघाली आहेत. पण जोडाक्षरांपाशी ती अजूनही अडखळतात. दृष्टिहीन व्यक्ती पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारी आज्ञावली वापरतात. नुसत्या चित्रापुढे ती आज्ञावली पुष्कळदा मुकी होते. शाळेची सूचना, कविता किंवा पत्ता दुसऱ्यास पाठवायचा असेल आणि मजकूर हाताशी असेल, तर मजकूरच पाठवावा. चित्र पाठवणे हा आळस होय.

आणखी एक गोष्ट आहे, आणि ती अधिक गंभीर आहे. कळ निवड करीत नाही. जे पडद्यावर असेल ते सारे ती उचलते. मित्राला गणिताचे उत्तर दाखवावे म्हणून संपूर्ण पडद्याचे चित्र पाठवले, आणि कोपऱ्यात वडिलांच्या बँकेच्या पत्राचा मथळा दिसत होता, असे सहज घडते. अशा वेळी नको तो भाग कापून टाकतात. कापलेला भाग गेला, असे आपण धरून चालतो. तो खरोखर जातो काय?

मार्च २०२३ मध्ये सायमन आरन्स आणि डेव्हिड ब्युकॅनन या दोन संशोधकांनी दाखवून दिले, की गूगल कंपनीच्या पिक्सेल मोबाइलवर कापलेल्या चित्रांतून टाकून दिलेला भाग काही अंशी परत मिळवता येतो. हा दोष २०१८ पासून तेथे होता. काही दिवसांतच विंडोज ११ मधील स्निपिंग टूल या कापणीच्या साधनातही तसाच दोष आढळला. तो कसा उद्भवला, हे समजण्याजोगे आहे. एका वहीत आठ पानांचा जुना निबंध आहे, अशी कल्पना करा. त्याच वहीत नवा, तीन पानांचा निबंध लिहायचा आहे. लेखकाने पहिली तीन पाने खोडून त्यांवर नवा निबंध लिहिला आणि शेवटी 'समाप्त' असा शेरा मारला. वाचणारा 'समाप्त' पाहून वही मिटतो. परंतु चौथ्यापासून आठव्या पानापर्यंतचा जुना मजकूर तेथेच आहे. ज्याला ठाऊक असेल, तो पान उलटील आणि वाचील. त्या साधनांनी नेमके हेच केले. मोठ्या चित्राच्या जागी कापलेले लहान चित्र लिहिले. पण उरलेली जुनी पाने फाडली नाहीत. दोन्ही कंपन्यांनी त्याच महिन्यात दोष दुरुस्त केला. परंतु जी चित्रे आधीच लोकांच्या हाती गेली होती, ती कोण दुरुस्त करणार?

यावर सोपा उपाय आहे. मोठा पडदा उचलून मग कापण्यापेक्षा, आरंभीच विंडोज, शिफ्ट आणि एस यांनी हवा तेवढाच तुकडा घ्यावा. जे घेतलेच नाही, ते निसटण्याचे भय नाही. चित्रातील एखादा क्रमांक झाकायचा असेल, तर त्यावर पूर्ण भरीव रंगाची चौकट ठेवून तसे नवे चित्र जतन करावे. मोबाइलवरील अर्धपारदर्शक लेखणीच्या रेघोट्या डोळ्यांना काळ्या दिसतात. पण चित्राचा उजेड वाढवला, की खालचे अंक डोकावू लागतात.

दुसऱ्याने आपल्याला लिहिलेल्या खाजगी मजकुराचे चित्र काढून ते चारजणांत फिरवणे, हे दुसऱ्याचे पत्र चव्हाट्यावर वाचण्यासारखेच आहे. त्याला विचारल्यावाचून तसे करू नये. मात्र कोणी धमकी देत असेल वा छळत असेल, तर गोष्ट निराळी. तेथे मजकूर पुसला जाण्यापूर्वी चित्र घेऊन ते घरातील वडीलधाऱ्यांना किंवा शिक्षकांना दाखवणे, हेच योग्य.

तथापि, चित्र आहे म्हणून ते खरेच असले पाहिजे, असे मुळीच नाही. ठिपके बदलता येतात. इतकेच नव्हे, तर पडद्यावरील पानाचे शब्द थोडा वेळ आपल्यापुरते बदलून मग कळ दाबता येते. मूळ पान अबाधित राहते, चित्र मात्र खोट्या शब्दांचे निघते आणि त्यात कोठेही खाडाखोड दिसत नाही. म्हणून 'अमुक परीक्षा पुढे ढकलली' असे चित्र हाती आले, तर ते पुढे पाठवण्याआधी संबंधित मंडळाचे मूळ पान स्वतः उघडून पाहावे. न्यायालयही नुसत्या चित्रावर विसंबत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ या कायद्याच्या कलम ६३ मध्ये, संगणकीय नोंदीची प्रत पुरावा म्हणून दाखल करताना तिच्यासोबत प्रमाणपत्र जोडण्याची तरतूद आहे.

काही ठिकाणी तर ही कळ चालतच नाही. मोबाइलवरील अनेक बँकांच्या आज्ञावली आपले चित्र काढू देत नाहीत. तेथे प्रयत्न केला, तर मनाईची सूचना येते किंवा कोरा काळा चौकोन हाती लागतो. पूर्वीचे संशोधक पडद्यासमोर कॅमेरा धरीत असत. त्या जुन्या युक्तीला मात्र ही मनाई अडवू शकत नाही.

अभ्यास

१. 'प्रिंट स्क्रीन' हे नाव कोणत्या काळी अक्षरशः खरे होते? ते कसे?
२. मॅकिन्टॉश संगणकावर चित्र घेण्यासाठी ३ हा अंक का योजला गेला असावा?
३. लेखात क्लिपबोर्डाला हमालाची उपमा का दिली आहे?
४. वहीतील दोन निबंधांच्या उदाहरणावरून कापलेल्या चित्रातील दोष आपल्या शब्दांत समजावून सांगा.
५. 'अक्षराचे चित्र म्हणजे अक्षर नव्हे.' या विधानाची दोन कारणे लिहा.
६. 'शाई' या शब्दाप्रमाणे ज्याचा मूळ अर्थ मागे पडला आहे असा आणखी एखादा मराठी शब्द शोधा व वडीलधाऱ्यांना विचारून त्याची माहिती लिहा.